पद, पाट आणि तेनक : तुळजापूरचा गोंधळ आणि उत्स्फूर्त गायनाचे शिक्षण

१

उत्स्फूर्त गायन ही शिकण्याची गोष्ट आहे की नाही, हा प्रश्न मराठी समीक्षेने फारसा विचारलेला नाही. लोकगायकाच्या उत्स्फूर्ततेचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु त्या कौतुकात ही उत्स्फूर्तता एक तर निसर्गदत्त मानली गेली किंवा परंपरेच्या खात्यावर जमा झाली. निसर्गदत्त मानली की तिच्या घडणीचा शोध घेण्याचे कारण उरत नाही. परंपरेच्या खात्यावर टाकली की प्रत्यक्ष गाणाऱ्या माणसाने काय साधले, हे पाहण्याची गरज उरत नाही. दोन्ही भूमिकांत गायकाची विचारक्रिया दृष्टिआड होते.

याच्या उलट टोकाची एक परंपरा म्हणून जाझ संगीतातील ‘स्कॅट’ गायनाकडे पाहता येईल. गीताचे शब्द सोडून देऊन अर्थहीन अक्षरांच्या आधारे, वाद्य वाजवल्याप्रमाणे कंठाने तत्क्षणी स्वररचना करणे, असे त्याचे स्थूल स्वरूप सांगता येते. ही कला शिकण्याचा मार्ग ‘स्टँडर्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, सर्व वादक-गायकांना ठाऊक असलेल्या गीतांमधून जातो. विद्यार्थी प्रथम गीताची चाल पाठ करतो. मग तिच्याखालील स्वरसंघातांचे मूळ स्वर गाऊन पाहतो. मग मोजके स्वर घेऊन केवळ लयीत फेरफार करतो. थोरांची ध्वनिमुद्रणे ऐकून त्यांतील जागा कंठात बसवतो. आणि शेवटी दुसऱ्या गायक-वादकाशी ठरावीक मापांची देवाणघेवाण करत स्वतःचे वाक्य उभे करतो. उत्स्फूर्ततेकडे नेणारा हा अभ्यासक्रम पाठांतरापासून सुरू होतो, ही त्यातली लक्षणीय गोष्ट आहे. पॉल बर्लिनर यांनी ‘थिंकिंग इन जाझ’ (१९९४) या ग्रंथात अनेक वादकांशी केलेल्या संभाषणांच्या आधारे ही प्रक्रिया तपशिलाने मांडली आणि ‘मनात आले ते वाजवले’ या समजुतीतला फोलपणा दाखवला.

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर हे ज्याचे एक प्रमुख केंद्र आहे, त्या गोंधळ या विधिनाट्यातील गायनाकडे याच प्रश्नाच्या अंगाने पाहिले, तर काय हाती लागते? रा. चिं. ढेरे यांनी गोंधळाच्या दैवतशास्त्रीय आणि सांस्कृतिक पैलूंचा, तर प्रभाकर मांडे यांनी त्याच्या प्रयोगरूपाचा विचार केला आहे. या कामाने गोंधळ म्हणजे काय आणि तो कोणाचा, हे प्रश्न पुष्कळ अंशी मार्गी लावले. गोंधळी गाताना विचार कसा करतो, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला आहे. तो केवळ संगीतशास्त्राचा नाही. मौखिक साहित्यकृतीची संहिता नेमकी कोठे असते, याच्याशी तो निगडित असल्यामुळे तो साहित्यसमीक्षेचाही आहे.

२

या विचारासाठी लागणारी परिभाषा परकी असण्याचे कारण नाही. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. तुळजापूर आणि देवगिरी हे दोन्ही आजच्या मराठवाड्यातच येतात. या ग्रंथातील प्रबंधविचारात गेय रचनेची सहा अंगे सांगितली आहेत : स्वर, बिरुद, पद, तेनक, पाट आणि ताल. यांपैकी ‘पद’ म्हणजे अर्थ प्रकट करणारा शब्द. ‘पाट’ म्हणजे वाद्यांवर वाजणारी आणि मुखाने उच्चारली जाणारी अक्षरे. ‘तेनक’ म्हणजे ‘तेन’ या मंगलसूचक अक्षरांचा उच्चार. प्रबंधाला पुरुष कल्पून शार्ङ्गदेवाने ताल व स्वर यांना पायांचे, पाट व बिरुद यांना हातांचे आणि तेनक व पद यांना डोळ्यांचे स्थान दिले आहे.

या रूपकातील शेवटची जोडी समीक्षकाने नीट पाहावी अशी आहे. अर्थवान शब्द आणि रूढ अर्थाने ज्याला शब्द म्हणता येणार नाही असा उच्चार, हे एकाच मुखावरचे दोन डोळे आहेत. आधुनिक साहित्यविचार ज्याला निरर्थक म्हणून संहितेच्या बाहेर ठेवतो, त्याला या मीमांसेत रचनेचे अंग म्हणून पूर्ण प्रतिष्ठा आहे. शिवाय सहा अंगांपैकी किती अंगे योजली यावरून प्रबंधाच्या जाती ठरतात आणि किमान दोन अंगांवरही प्रबंध उभा राहतो. म्हणजे पदावाचूनही रचना संभवते. या जाणिवेची मुळे अधिक जुनी आहेत. सामगायनात ऋचेच्या शब्दांमध्ये ‘हाउ’, ‘होइ’ यांसारखे जे उच्चार गुंफले जातात, त्यांना ‘स्तोभ’ अशी स्वतंत्र संज्ञा आहे.

शार्ङ्गदेवाचा दुसरा विचार याहूनही उपयुक्त आहे. आलप्तीचे, म्हणजे विस्ताराचे, त्याने दोन भेद केले : रागाच्या आधारे होणारी रागालप्ती आणि आधीच रचलेल्या कृतीच्या आधारे होणारी रूपकालप्ती. रूपकालप्तीचे पुन्हा दोन प्रकार. विस्तार करून रूपकाचा एखादा अवयव पुन्हा हाती घेणे ही प्रतिग्रहणिका. आणि रूपकातील पदे व ताल तसाच ठेवून त्यांची स्वरयोजना निरनिराळ्या रीतीने मोडून मांडणे ही भंजनी. एखादा तुकडा मोडला तर स्थायभंजनी, सबंध रूपक मोडले तर रूपकभंजनी.

जाझचा विद्यार्थी ‘स्टँडर्ड’ गीताशी जे करतो, त्याचे वर्णन याच दोन संज्ञांनी करता येते. मूळ शब्द राखून चाल वाकवणे ही भंजनी. शब्द सोडून दूर जाणे आणि नेमक्या ठिकाणी मुखडा पुन्हा धरणे ही प्रतिग्रहणिका. सातशे वर्षांचे आणि दोन खंडांचे अंतर ओलांडून या संज्ञा लागू पडतात, याचा अर्थ एकाने दुसऱ्यापासून काही घेतले असा होत नाही. रचलेली कृती आणि तिच्यावरचा तत्क्षणीचा विस्तार यांच्यातील संबंधांचे प्रकारच मोजके आहेत, एवढाच त्याचा अर्थ. अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीतकोटी वेगळ्या करून प्रत्येक कोटीचे निकष तिच्या स्वभावानुसार लावण्याचा आग्रह धरला. तो आग्रह येथेही पाळला पाहिजे. गोंधळाला जाझच्या तराजूत तोलण्याचा हा उद्योग नाही. एका परंपरेतील शिक्षणक्रम स्पष्टपणे नोंदला गेला आहे; त्याच्या उजेडात दुसऱ्या परंपरेतला, न नोंदलेला शिक्षणक्रम दिसतो का, हे पाहावयाचे आहे.

३

तुलनेच्या आरंभीच दोन गोष्टींची गल्लत टाळली पाहिजे. अक्षरांचे अर्थहीन असणे आणि गायनाचे उत्स्फूर्त असणे या दोन भिन्न बाबी आहेत. सी. रामचंद्र हे पुणतांब्यात जन्मलेले मराठी संगीतकार. मुंबईत गोव्याच्या वादकांच्या सहवासात त्यांनी जाझचे ढंग चित्रपटसंगीतात आणले. ‘अलबेला’ (१९५१) मधील ‘शोला जो भडके’ हे त्याचे एक उदाहरण. ‘आशा’ (१९५७) मधील ‘ईना मीना डीका’ या गीतात अर्थहीन अक्षरांचा आनंद भरपूर आहे. परंतु ती अक्षरे बांधलेली आहेत, गायक बदलला तरी ती बदलत नाहीत. तराण्याची स्थिती मधली आहे. त्याची बंदिश अक्षरांसह ठरलेली असते आणि विस्तारात मोकळीक असते. शिवाय तराण्याची अक्षरे खरोखर निरर्थक आहेत काय, याविषयी मतभेद आहेत. उस्ताद अमीर खाँ यांनी त्यांत फारसी अर्थवान वचने पाहिली होती.

ही गल्लत टाळली की जाझ-गायन आणि गोंधळ यांच्यातील नाते अनपेक्षित रूपात समोर येते. लुई आर्मस्ट्राँग यांच्या ‘हीबी जीबीज’ या १९२६ सालच्या ध्वनिमुद्रणाविषयी एक प्रसिद्ध आख्यायिका आहे. गाता गाता शब्दांचा कागद हातातून खाली पडला आणि वेळ निभावण्यासाठी त्यांनी अक्षरे गायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. स्कॅट गायन त्यापूर्वीही होत असल्यामुळे जन्मकथा म्हणून ही आख्यायिका टिकत नाही. पण ती इतकी प्रिय का झाली, हे पाहण्याजोगे आहे. संहिता नाहीशी होताच उत्स्फूर्तता सुरू होते, हे समीकरण तिने मनोरम करून सांगितले. १९६० साली बर्लिनच्या मैफलीत एला फिट्झजेरल्ड ‘मॅक द नाइफ’ गाताना शब्द विसरल्या आणि त्यांनी जागच्या जागी नवे शब्द रचून गीत तडीस नेले. याला ध्वनिमुद्रणाचा पुरावा आहे. त्याच मैफलीत त्यांनी ‘हाउ हाय द मून’ या १९४० सालच्या गीतावर जो प्रदीर्घ स्कॅट विस्तार केला, त्यात चार्ली पार्कर यांच्या नावाशी निगडित असलेल्या ‘ऑर्निथॉलजी’ची चालही येऊन जाते. ती चाल मुळात त्याच गीताच्या स्वरसंघातांवर रचलेली आहे. म्हणजे शब्द सुटले तरी गीताचा सांगाडा सुटलेला नव्हता. उलट तो इतका पक्का होता की त्यावर उभी राहिलेली दुसरी रचनाही त्यांना आठवली.

स्कॅटमध्ये शब्द ठरलेले असतात आणि स्वातंत्र्य अक्षरांत असते. गोंधळात नेमके उलट घडते. नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, गातो ते अर्थवान असते आणि त्याचा मोठा भाग प्रसंगानुसार घडवला जातो. त्याच्या मागे उभे असलेले साथीदार जी झील ओढतात ती मात्र स्थिर असते. ‘जी जी’चा सूर, ‘उदो’चा गजर यांत बदल होत नाही. ‘जी’ हा मुळात आदरार्थी होकार आहे. ‘उदो’ हा ‘उदय’ या शब्दाशी नाते सांगतो. दोन्ही मूलतः अर्थवान. परंतु प्रयोगात त्यांचे कार्य अर्थ सांगण्याचे राहत नाही. ते श्वास देतात, लय टिकवतात आणि मंगल वातावरण धरून ठेवतात. शार्ङ्गदेवाच्या परिभाषेत ते पदाकडून तेनकाकडे सरकलेले असतात. संबळाचा ठेका पाटाची बाजू सांभाळतो.

जाझ-गायक अर्थाला बाजूला ठेवतो, म्हणजे कंठ मोकळा होतो. गोंधळात अर्थशून्यतेकडे झुकलेली अक्षरे जागच्या जागी राहतात, म्हणून शब्द मोकळा होतो. दोन्हीकडे एक अंग बांधल्यावाचून दुसरे सुटत नाही. कोणते अंग बांधायचे, याचा निर्णय त्या त्या परंपरेने वेगळा घेतला आहे.

४

गोंधळाची रचना या दृष्टीने पाहता येते. पाटावर नवे वस्त्र अंथरून, धान्य व कलश मांडून चौक भरला जातो, दिवटी पेटते, गणाने आरंभ होतो. मग आवाहन येते. नाईक एकेका दैवताचे नाव त्याच्या गावासह घेतो आणि त्याला गोंधळाला येण्याची विनवणी करतो. त्यानंतर कथन, साथीदाराशी संवाद, आख्यान आणि शेवटी आरती. लग्नानंतर किंवा कुळाच्या अन्य मंगलप्रसंगी होणारा हा विधी रात्रभर चालू शकतो आणि आटोपशीरही होऊ शकतो. त्याच्या लांबीचे हे लवचीकपण हेच त्याच्या घडणीतील उत्स्फूर्ततेचे पहिले प्रमाण आहे.

सर्व भाग सारखे उत्स्फूर्त नसतात, हे मान्य केले पाहिजे. आख्यानाचा कथाभाग बव्हंशी पाठ असतो. हरिश्चंद्र, चिलया बाळ किंवा जांभूळ आख्यान यांतील घटनाक्रम गायकाला बदलता येत नाही. तो वर्णनात आणि संवादात विस्तार करतो. ही रूपकालप्ती झाली. परंतु आवाहनाची स्थिती निराळी आहे. ते वरकरणी सर्वांत ठरीव वाटते, कारण त्याचा साचा एकच असतो आणि तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची महालक्ष्मी, जेजुरीचा खंडोबा अशी दैवते सर्वांच्या परिचयाची असतात. प्रत्यक्षात दर घरी ते नव्याने जुळवावे लागते. यजमानाचे कुळ, त्याचे कुलदैवत, गावचे ग्रामदैवत, जवळपासची ठाणी यांची नावे त्यात बसवावी लागतात. धाराशिव जिल्ह्यातील घरी येरमाळ्याची येडेश्वरी टाळून कसे चालेल? अणदूर आणि नळदुर्गजवळील मैलारपूर यांच्यामध्ये वर्षभरात वस्ती बदलणारा खंडोबा नाव घेणाऱ्याकडून प्रादेशिक ज्ञानाची अपेक्षा करतो. ही नावे भिन्न मात्रांची असतात. ती तालाच्या एकाच घरात बसवताना कोठे स्वर लांबवावा लागतो, कोठे एखादे विशेषण जोडावे लागते, कोठे गावाचे नाव आधी घ्यावे लागते. हे सारे पुढची झील येईपर्यंतच्या अवकाशात ठरते.

मिल्मन पॅरी यांच्या संशोधनाच्या आधारे आल्बर्ट लॉर्ड यांनी ‘द सिंगर ऑफ टेल्स’ (१९६०) मध्ये युगोस्लाव्हियातील वीरगाथागायकांच्या शिक्षणाचे तीन टप्पे सांगितले : आधी नुसते ऐकणे, मग साच्यांच्या आधारे गाऊ लागणे, आणि शेवटी चोखंदळ श्रोत्यांपुढे गाणे पुरे करता येणे. गोंधळी कुटुंबातील मुलगाही साधारणतः आधी झील धरतो, तुणतुणे किंवा झांज हाती घेतो, पुढे नाईकाशी संवाद करणारा साथीदार होतो आणि त्यानंतर केव्हातरी स्वतः नाईक म्हणून उभा राहतो. लॉर्ड यांच्या विवेचनात पहिला टप्पा श्रोत्याचा आहे; येथे मात्र पहिल्याच टप्प्यावर शिकणारा प्रयोगाच्या आत असतो. झील धरणाऱ्याला स्वतः काही रचावे लागत नाही, पण नाईकाची ओळ कोठे संपणार याचा अंदाज सतत बांधावा लागतो. अंदाज चुकला तर झील उशिरा पडते आणि सर्वांना कळते. दुसऱ्याच्या वाक्याचा शेवट आधी ओळखण्याची ही सवयच पुढे स्वतःच्या वाक्याचा शेवट आधी दिसण्याची क्षमता बनते. झील ही उत्स्फूर्त रचनेची शाळा आहे, असे म्हणता येते ते या अर्थाने.

साथीदाराचा टप्पा याच शिक्षणाचा पुढचा भाग. तो प्रश्न विचारतो, मुद्दाम गैरसमज करून घेतो, नाईकाच्या उदात्त वर्णनाला व्यवहाराच्या पातळीवर खेचतो. विनोदनिर्मिती हे त्याचे दृश्य कार्य. रचनेच्या दृष्टीने तो नाईकाला अनपेक्षित स्थितीत टाकतो आणि तेथून मूळ कथेकडे परतायला लावतो. ही प्रतिग्रहणिकेची तालीम आहे. जाझमध्ये दोन वादक चार-चार मापांची देवाणघेवाण करतात, तिच्याशी याचे कार्यसाम्य आहे. मात्र तेथे सामना समानांचा असतो, येथे श्रेणी ठरलेली असते.

‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तत्त्वे मांडली. झील आणि नाईकाची ओळ यांच्यातील संवाद, साथीदाराने उभा केलेला विरोध आणि आरतीने साधलेला समतोल, अशी या प्रयोगाची मांडणी करण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. मर्ढेकरांचा समतोल पूर्ण झालेल्या कृतीत, तिच्या घटकांचे एकत्रित आकलन होताना जाणवतो. गोंधळात नाईकाला समतोल साधावा लागतो तो कृती अपुरी असताना, पुढे काय येणार हे पुरते ठाऊक नसताना. पूर्ण कृतीच्या सौंदर्यशास्त्राला घडत्या कृतीचे सौंदर्य समजावून घेण्यासाठी काळाचे परिमाण स्वीकारावे लागेल.

५

रोमान याकबसन आणि प्योत्र बोगातिर्योव यांनी १९२९ साली लोकसाहित्याविषयीच्या आपल्या निबंधात असे प्रतिपादन केले की, लोकसाहित्याची कृती भाषाव्यवस्थेसारखी असते. समूहाने स्वीकारले तेवढेच टिकते आणि समूहाचे नियंत्रण सर्जनाच्या आधीच काम करू लागते. गोंधळाच्या आवाहनात हे नियंत्रण अमूर्त समूहाकडे नसते. ते समोर बसलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडे असते. एखाद्या कुलदैवताचे नाव राहिले तर केवळ कलादोष होत नाही, विधीत उणीव राहते. त्यामुळे गोंधळातील सर्वांत उत्स्फूर्त भाग हाच सर्वांत बंधनकारक भागही आहे. उत्स्फूर्तता म्हणजे मुक्त निवड, हे समीकरण येथे लागू पडत नाही. येथील उत्स्फूर्तता ही जबाबदारी पार पाडण्याची रीत आहे.

हा भेद पुसून टाकला तर तुलना भ्रामक ठरेल. जाझमधील उत्स्फूर्ततेला आफ्रिकन-अमेरिकन समाजाच्या मुक्तीच्या आकांक्षेचा इतिहास आहे. तेथे स्वतःचा आवाज सापडणे या गोष्टीला राजकीय अर्थ आहे. गोंधळ्याची कला कुळाचाराच्या सेवेत वाढली. ती जन्माने हाती आली, आणि भटक्या जमातींच्या यादीत नोंद असलेल्या समाजाची ती उपजीविका होती. कदमराई आणि रेणुराई या शाखांचा अभिमान खरा आहे; त्याबरोबरच, दुसऱ्याच्या दारी दुसऱ्याच्या कुळाची नावे अचूक घेण्यावर पोट अवलंबून असणे हेही खरे आहे. गोंधळ्याच्या हजरजबाबीपणाचे कौतुक करताना त्या हजरजबाबीपणावर कसली सक्ती होती हे विसरले, तर समीक्षा यजमानाच्या जागी जाऊन बसते. त्याच वेळी ही कला जातीच्या बाहेर शिकता येते याचेही पुरावे आहेत. विठ्ठल उमप यांनी जांभूळ आख्यानाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती जन्मदत्त अधिकाराने नव्हे. त्याहून कितीतरी आधी एकनाथांनी गोंधळ आणि जोगवा ही रूपे आपल्या रचनांत घेतली आणि त्यांना अध्यात्माचा आशय दिला. परंतु लिखित रूपात येताच गोंधळाचे पद तेवढे उरले. पाट आणि तेनक वाचकाच्या कल्पनेवर सोपवले गेले.

संहितेचा प्रश्न येथे उभा राहतो. लोकगीते छापताना धृपद वा झील पहिल्या कडव्यानंतर एकदा देऊन पुढे गाळण्याची पद्धत रूढ आहे. छपाईच्या दृष्टीने हे काटकसरीचे आणि वाचकाच्या दृष्टीने सोयीचे असते. पण वरील विवेचन ग्राह्य मानले, तर या पद्धतीत रचनेचे निमित्त पडलेले फळ तेवढे जपले जाते आणि ज्या यंत्रणेने ते पिकवले ती टाकून दिली जाते. झिलीच्या प्रत्येक आवृत्तीत नाईकाने पुढची ओळ जुळवलेली असते. ती आवृत्ती गाळणे म्हणजे कवीचा विचार करण्याचा वेळ संहितेतून काढून टाकणे. उरते ते पुनरुक्तीने भरलेले, कल्पकतेत मध्यम वाटणारे पद्य. आणि मग त्याच्याविषयी ‘साधे, भाबडे’ असा अभिप्राय देता येतो. हा साधेपणा पुष्कळदा संपादकाने निर्माण केलेला असतो.

ध्वनिमुद्रणाने हा प्रश्न आपोआप सुटत नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीने जाझ-वादकाला सुमारे तीन मिनिटांत बांधले होते. साठ मिनिटांच्या ध्वनिफितीची एक बाजू अर्ध्या तासात संपते. तिच्यासाठी रात्रभराचा प्रयोग बसवताना विस्ताराला कात्री लागणे अटळ आहे. शिवाय ध्वनिमुद्रणात यजमान नसतो. म्हणून आवाहन कोणत्याही घराचे राहत नाही, सर्वांना चालेल असे होते. जो भाग दर घरी नव्याने घडत असे, तोच गोठतो.

जाझचा अनुभव येथे इशारा म्हणून उपयोगी आहे. अमेरिकेत १९४७ मध्ये नॉर्थ टेक्सासच्या महाविद्यालयात जाझचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. १९६७ पासून जेमी एबरसोल्ड यांच्या साथसंगतीच्या मुद्रिकांनी विद्यार्थ्याला एकट्याने सराव करण्याची सोय दिली. १९७० च्या दशकात बॉस्टनमध्ये तयार झालेल्या ‘रिअल बुक’ने शेकडो गीतांचे आराखडे हाती दिले. या सोयींमुळे कलेचा प्रसार झाला, वंश व वर्ग यांच्या सीमा ओलांडून ती कोणालाही शिकता आली. हा लाभ लहान नाही. पण मुद्रिकेवरची साथ विद्यार्थ्याचे ऐकत नाही. त्याचे वाक्य लांबले तर ती थांबत नाही, त्याने काही अनपेक्षित केले तर तीही काही अनपेक्षित करत नाही. छापील आराखडाही एकदा हाती आला की तोच मूळ मानला जातो.

मराठीत आता लोककला विद्यापीठात शिकवली जाऊ लागली आहे. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी हे त्याचे परिचित उदाहरण. गोंधळ जन्माच्या बंधनातून सुटून शिकण्याचा विषय होणे स्वागतार्ह आहे. मात्र तो विषय कोणत्या स्वरूपात शिकवला जाणार, यावर बरेच अवलंबून आहे. आख्यानाची संहिता, संबळाचे ठेके आणि वेषभूषा एवढे शिकवले, तर विद्यार्थी गोंधळ सादर करील. गोंधळ घालू शकणार नाही. मराठीने ‘गोंधळ घालणे’ असे क्रियापद योजले आहे. त्यात एका विशिष्ट घरासाठी, विशिष्ट रात्री काही घडवण्याचा भाव आहे. ही क्षमता यावयाची तर विद्यार्थ्याने पुरेसा काळ झील धरली पाहिजे, उलट प्रश्न करणाऱ्या साथीदारापुढे उभे राहिले पाहिजे आणि त्याची परीक्षा अनोळखी कुळाच्या आवाहनावर झाली पाहिजे.

समीक्षेच्या वाट्याला येणारे काम याहून मर्यादित, पण तितकेच निकडीचे आहे. मौखिक रचनेची नोंद करताना झील, गजर, ठेक्यातले थांबे आणि साथीदाराचे अडथळे हे परिशिष्टात न ढकलता संहितेच्या मध्यभागी ठेवले पाहिजेत. एकाच नाईकाने दोन घरी केलेली दोन आवाहने समोरासमोर छापली पाहिजेत, म्हणजे काय स्थिर राहिले आणि काय घडवले गेले हे वाचकाला दिसेल. शार्ङ्गदेवाने तेनक आणि पद यांना दोन डोळ्यांच्या ठिकाणी कल्पिले होते. मराठी लोकसाहित्याचा अभ्यास बराच काळ पदाच्या डोळ्याने पाहत आला आहे, आणि त्याला दिसलेली लोककवीची प्रतिमा त्यामुळेच सपाट राहिली आहे.